परिचारिकेची विद्या आणि परिचारिकेची सनद



थोरांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या आपल्या व्याख्यानमालांत साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान आणि राजकारण या विषयांचा मान पहिला असतो आणि तो योग्यच आहे. परंतु चालकांनी विषयाची निवड माझ्यावर सोपवली तेव्हा मला वाटले की, ज्यांच्या हातांवर या देशातील असंख्य मुले जन्म घेतात, ज्यांच्या हातून त्यांना पहिली लस टोचली जाते, आणि दूरच्या वाड्यापाड्यांवर ज्यांच्याखेरीज आरोग्यखात्याचे दुसरे माणूस महिनेमहिने कोणाच्या दृष्टीस पडत नाही, त्या परिचारिकांच्या उच्च शिक्षणाचा प्रश्न एकदा तरी अशा व्यासपीठावरून मांडला जावा.

त्यातही माझा विषय मर्यादित आहे. पदवी आणि अनुभव गाठीशी असलेल्या परिचारिकेला आणखी दोन-तीन वर्षांचे शिक्षण देऊन, कुटुंबातील बालकापासून वृद्धापर्यंत सर्वांची तपासणी, नेहमीच्या आजारांचे निदान आणि त्यांवरचे उपचार स्वतःच्या जबाबदारीवर करण्यास समर्थ बनविणारा एक पदव्युत्तर अभ्यासक्रम अमेरिकेत रूढ झालेला आहे. त्या पदवीधारकांना तेथे ‘फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर’ म्हणतात, आणि त्यांचे शिक्षण आज मोठ्या प्रमाणावर आंतरजालाच्या साहाय्याने, विद्यार्थिनीने आपले गाव न सोडता, पार पडते. माझे म्हणणे असे की, हे शिक्षण आपल्या देशात, आणि विशेषतः अरण्याच्या कडेला वसलेल्या मुलखांत, अत्यंत निकडीचे आहे. मात्र दुरून दिलेल्या विद्येला जवळ बसून करून घेतलेल्या सरावाची जोड हवी आणि त्या दोहोंच्या पाठीशी राज्यसत्तेची लेखी सनद हवी, नाहीतर ते शिक्षण निष्फळ ठरेल.

हा विषय केवळ तात्त्विक राहू नये म्हणून मी आपणांस एका ठिकाणी नेऊ इच्छितो. म्हैसूर शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे पन्नास-पंचावन्न किलोमीटरांवर, कपिला ऊर्फ कबिनी नदीच्या काठी, सरगूर नावाचा एक कसबा आहे. पूर्वी तो हेग्गडदेवनकोटे तालुक्यात मोडत असे. अलीकडे त्यास स्वतंत्र तालुक्याचा दर्जा मिळाला. एका बाजूस बंडीपूरचे आणि दुसऱ्या बाजूस नागरहोळेचे अरण्य, पलीकडे केरळातील वायनाडचा डोंगराळ मुलूख, आणि मध्ये कबिनीच्या धरणाने व्यापलेले विस्तीर्ण जलाशय-क्षेत्र, अशी त्याची भूमी आहे. जेनू कुरुब, काडू कुरुब, यरव, सोलिग या वन्य जमातींची येथे पूर्वापार वस्ती. धरणाच्या पाण्याने आणि पुढे वाघांच्या संरक्षणासाठी झालेल्या बंदोबस्ताने त्यांपैकी अनेकांना आपली मूळ वसतिस्थाने सोडून अरण्याच्या कडेला ‘हाडी’, म्हणजे लहान वस्ती, करून राहावे लागले. जंगल गेले तसा त्यांचा आहार गेला, औषधी गेली, आणि नव्या जागी नवे आजार मात्र वाट्याला आले.

याच मुलखात, 1984 साली म्हैसूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील काही विद्यार्थ्यांनी, डॉ. आर. बालसुब्रह्मण्यम् यांच्या पुढाकाराने, स्वामी विवेकानंद युथ मूव्हमेंट ही संस्था स्थापन केली; शिक्षण पुरे झाल्यावर त्यांतील काहीजण ब्रह्मगिरीच्या हाडीत येऊन राहिले, केंचनहळ्ळीस लहानसे रुग्णालय उभे राहिले, होसहळ्ळीस वनवासी मुलांची शाळा निघाली, आणि पुढे सरगूर येथे विवेकानंद मेमोरियल हॉस्पिटल नावाचे मोठे रुग्णालय उभे झाले. 2002 साली या रुग्णालयाच्या वाट्याला एक ऐतिहासिक योग आला. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने उपग्रहाच्या द्वारे दूरवैद्यकाचा जो प्रारंभीचा प्रयोग कर्नाटकात केला, त्यात बंगळूरच्या नारायण हृदयालयाशी दोन ठिकाणे जोडली गेली. एक चामराजनगरचे जिल्हा रुग्णालय आणि दुसरे सरगूरचे हे रुग्णालय. अरण्याच्या कडेच्या रुग्णाचा हृदयालेख बंगळूरच्या तज्ज्ञाने पाहावा आणि त्याचा सल्ला तत्काळ परत यावा, ही त्या काळी मोठ्या शहरांतही दुर्मीळ असलेली गोष्ट सरगुरास शक्य झाली.

या प्रयोगातून जो धडा निघतो तो मला या व्याख्यानाचा पाया वाटतो. तज्ज्ञ कितीही विद्वान असला तरी त्याला दुरून दिसते ते इकडच्या माणसाने दाखवावे तेवढेच; पोटावर हात ठेवून कोठे ताठरपणा आहे हे चाचपणारा, छातीच्या कोणत्या भागात कोणता ध्वनी उमटतो हे ओळखणारा, बाईच्या अर्धवट उत्तरातून तिचा खरा त्रास समजून घेणारा माणूस रुग्णाच्या उशाशीच असावा लागतो. यंत्राने सल्ला आणता येतो, पण सल्ला मागण्याजोगी पात्रता इकडेच निर्माण करावी लागते. शिवाय सल्ला एका रुग्णापुरता येतो आणि त्याच्याबरोबरच संपतो; विद्या आली तर ती त्या ठिकाणी राहते आणि पुढच्या प्रत्येक रुग्णाच्या उपयोगी पडते. ज्या तारेने आणि ज्या आकाशमार्गाने सल्ला येऊ शकतो त्याच मार्गाने शिक्षण का येऊ नये, हा प्रश्न म्हणून स्वाभाविकच उपस्थित होतो.

आजवर त्याचे उत्तर आपण उलट दिशेने देत आलो. परिचारिकेला पुढे शिकावयाचे असेल तर तिने खेडे सोडून शहरात जावे, दोन वर्षे वसतिगृहात राहावे, आणि पदवी घेऊन परत यावे, अशी आपली पद्धत. परंतु ती परत येत नाही, आणि आपण तिला दोषही देऊ शकत नाही. तिला घर असते, मुले असतात, वृद्ध सासूसासरे असतात. एकदा हा संसार उचलून शहरात नेला की तो पुन्हा उपकेंद्राच्या गळक्या खोलीत आणणे दुरापास्त होते. शिवाय शहरातील मोठ्या इस्पितळात दोन वर्षे जे तिने पाहिले, ते तिच्या उपकेंद्राच्या कामाचे थोडेच असते. सरगूरच्या आसपास काम करणारीला वन्य जमातींत आढळणारा सिकल सेल हा रक्तदोष ओळखता आला पाहिजे. बंडीपुराच्या परिसरात 2012 साली आढळलेला, गोचिडांमार्फत पसरणारा माकडताप साध्या तापापासून वेगळा करता आला पाहिजे. हाच ताप 2016 साली आपल्या सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यातही अवतरला, आणि सिकल सेलचे रुग्ण गडचिरोली व नंदुरबार येथेही पुष्कळ आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे सरगूरचा प्रश्न महाराष्ट्राला परका नाही हे उघड होईल.

ज्या देशात ही नवी वाट प्रथम घातली गेली तिकडे क्षणभर पाहू. कोलोराडोच्या ग्रामीण भागात सार्वजनिक आरोग्याचे काम केलेल्या लोरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने 1965 साली कोलोराडो विद्यापीठात या प्रकारचा पहिला शिक्षणक्रम सुरू केला. त्याच्याही चाळीस वर्षे आधी, 1925 साली, मेरी ब्रेकिनरिज या बाईने केंटकी राज्याच्या दुर्गम डोंगरांत घोड्यावरून फिरणाऱ्या परिचारिका-सुइणींचे पथक उभारले होते. त्या कार्यातून 1939 साली सुइणींचे विद्यालय निघाले, 1970 साली कुटुंब-परिचारिकांचे शिक्षण तेथेच सुरू झाले, आणि 1989 साली त्या संस्थेने दूरशिक्षणाचा मार्ग पत्करला. आज तीच संस्था फ्रंटियर नर्सिंग युनिव्हर्सिटी या नावाने पदव्युत्तर शिक्षण देते. तिच्या विद्यार्थिनी थोडे दिवस विद्यापीठाच्या आवारात येतात, उरलेला काळ आपापल्या गावी राहून शिकतात, आणि शिकलेले ज्ञान त्याच लोकांच्या सेवेस लावतात ज्यांच्यातून त्या आलेल्या असतात. डोंगरात जन्मलेल्या संस्थेनेच दूरशिक्षणाचा अवलंब करावा यात योगायोग नाही. ज्यांना अंतराचे दुःख ठाऊक होते त्यांनाच अंतर जिंकण्याची गरज प्रथम जाणवली.

या शिक्षणाची घडण कशी असते ते थोडे तपशिलाने सांगतो, कारण आपल्याकडे दूरशिक्षण म्हटले की पोथी पाठवून परीक्षा घेण्याची कल्पना डोळ्यांपुढे येते. शरीरातील विकृती कशा उत्पन्न होतात त्याचे शास्त्र, औषधांचे शास्त्र, आणि रुग्णाची सर्वांगीण शारीरिक तपासणी, हे या अभ्यासाचे तीन आधारस्तंभ होत. पहिल्या दोहोंची व्याख्याने, चर्चा आणि परीक्षा दुरून उत्तम रीतीने होऊ शकतात. किंबहुना रात्रपाळी करून आलेल्या बाईला आपल्या सवडीने व्याख्यान पुन्हा पुन्हा ऐकता येते हा लाभच आहे. तिसरा विषय मात्र डोळ्यांनी वाचून येत नाही. म्हणून प्रत्यक्ष रुग्ण तपासण्याचे किमान तास तेथे ठरवून दिलेले असतात. पूर्वी ही मर्यादा पाचशे तासांची होती, 2022 साली सुधारलेल्या राष्ट्रीय निकषांनी ती साडेसातशेवर नेली. हे तास अनुभवी डॉक्टरच्या अथवा अनुभवी परिचारिकेच्या नजरेखाली भरावे लागतात, आणि त्या मार्गदर्शकाने विद्यार्थिनीच्या कामाचा दाखला द्यावा लागतो.

आणि येथेच अमेरिकेतील व्यवस्थेचे वैगुण्यही प्रकट झाले आहे, ते आपण आधीच जाणून घेतले पाहिजे. पाठ देणे स्वस्त आणि मार्गदर्शक मिळविणे दुर्घट. म्हणून तेथील काही विद्यापीठांनी विद्यार्थिनींची भरती भरमसाट केली आणि मार्गदर्शक शोधण्याचा भार त्या बिचाऱ्यांवरच टाकला, त्यामुळे कित्येकींना दारोदार विनवण्या करीत हिंडावे लागले. पाठ्यक्रम विकणे आणि शिक्षण देणे यांत जे अंतर आहे ते येथे स्पष्ट होते. म्हणून आपल्याकडे असा अभ्यासक्रम निघेल तेव्हा जितके मार्गदर्शक हाती असतील तितक्याच विद्यार्थिनी घ्याव्यात, आणि मार्गदर्शक नेमून देण्याची जबाबदारी विद्यापीठाने स्वतःवर घ्यावी, ही पहिली अट असली पाहिजे. या दृष्टीने सरगूरसारख्या रुग्णालयाचे मोल फार मोठे ठरते. जेथे डॉक्टर सेवाबुद्धीने टिकून राहिलेले आहेत, जेथे प्रसूतीपासून क्षयापर्यंत सर्व प्रकारचे रुग्ण दाराशी येतात, आणि जेथे भोवतालच्या हाड्यांशी वर्षानुवर्षांचा विश्वासाचा संबंध आहे, ते ठिकाण परिचारिकेच्या हाताला वळण लावण्यास महानगरातील वातानुकूलित इस्पितळापेक्षा अधिक योग्य होय. पलीकडे निलगिरीतील गुडलूर येथे ‘अश्विनी’ या संस्थेने आदिवासी मुलींनाच परिचारिकेचे शिक्षण देऊन आदिवासींचे रुग्णालय चालविले आहे; तेव्हा या अरण्यपट्ट्यात हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये.

आता आपल्या सरकारने काय केले ते पाहू. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने 1946 सालच्या अहवालात देशात त्रेचाळीस हजार लोकसंख्येमागे एक परिचारिका असल्याचे नमूद केले होते. त्या स्थितीपासून आपण पुष्कळ पुढे आलो यात शंका नाही. 2018 पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत करून, तेथे समुदाय आरोग्य अधिकारी या हुद्द्यावर प्रामुख्याने परिचारिकांना नेमण्याची तजवीज झाली, आणि त्यांच्यासाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र-अभ्यासक्रम आखला गेला. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने तो दूरशिक्षणाने आणि रुग्णालयांतील सरावाने चालविला. ‘ई-संजीवनी’ या योजनेने त्या केंद्रांना डॉक्टरांशी जोडून दिले. हे सर्व स्तुत्य आहे. परंतु डोंगराळ व आदिवासी भागात तीन हजार आणि मैदानी भागात पाच हजार लोकांच्या आरोग्याचा भार ज्या स्त्रीच्या शिरावर ठेवावयाचा, तिला सहा महिन्यांचे शिक्षण पुरे आहे असे मानणे हे तिच्यावर आणि त्या लोकांवर, दोघांवरही अन्याय करणारे आहे.

त्याहून अधिक विचारणीय गोष्ट पुढेच आहे. भारतीय परिचर्या परिषदेने नर्स प्रॅक्टिशनरचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आखला, परंतु तो अतिदक्षता विभागासाठी. आणि 2018 साली केंद्र सरकारने मार्गदर्शक सूचना काढल्या त्या प्रसूतिसेवेतील नर्स प्रॅक्टिशनरसाठी, ज्यांचे प्रशिक्षण अठरा महिन्यांचे ठरले. दोन्ही उपक्रम आवश्यक आहेत. पण जेथे डॉक्टरांचा सुकाळ आहे त्या अतिदक्षता विभागासाठी पदव्युत्तर परिचारिका तयार व्हावी, आणि जेथे डॉक्टर नाहीच त्या हाडीसाठी, पाड्यासाठी, संपूर्ण कुटुंबाकडे पाहणारी पदव्युत्तर परिचारिका मात्र या दोन्ही योजनांत नसावी, हा क्रम न्यायाचा नाही.

सामान्य शिक्षणाच्या स्त्रियांवर विश्वास टाकल्याने काय साधते हे जगाला दाखविण्यात महाराष्ट्राचा वाटा फार मोठा आहे. 1909 साली पुण्यात उभ्या राहिलेल्या सेवासदनाने, रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली, ससून रुग्णालयात परिचारिकांचे शिक्षण घेण्यास मध्यमवर्गीय स्त्रियांना प्रवृत्त केले. परक्याच्या मलमूत्रास हात लावणे हे कुलस्त्रीचे काम नव्हे असे म्हणणाऱ्या समाजाचा रोष त्यांनी शांतपणे सोसला. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडास ग्रामआरोग्यसेविकांची चळवळ सुरू केली. त्या बायका, ज्यांतील अनेकींना अक्षरओळखही नव्हती, केंद्रावर येत, शिकत, आणि आपल्या गावी परत जाऊन तेच ज्ञान वापरीत. गाव न सोडता विद्या घेण्याचा तो पाठ आंतरजाल येण्याच्या किती तरी आधीचा आहे. आणि गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातील स्त्रियांना नवजात बालकांची घरोघर जाऊन काळजी घेण्यास, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देण्यास शिकविले. 1999 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाप्रमाणे त्या गावांतील नवजात-मृत्यूंचे प्रमाण बासष्ट टक्क्यांनी घटले. अल्पशिक्षित स्त्रीला हे साधले तर पदवीधर परिचारिकेस पुढील शिक्षणाने काय साधणार नाही?

डॉक्टरवर्गाचा आक्षेप मात्र आपण आदराने ऐकला पाहिजे. गरिबांसाठी हलक्या प्रतीचे वैद्यक निर्माण करू नका, असे ते म्हणतात. हा आक्षेप जुना आहे; ब्रिटिश अमदानीत या देशातील नोंदलेल्या डॉक्टरांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश हे पदवीधर नसून अल्पमुदतीचे शिक्षण घेतलेले ‘लायसेन्शिएट’ होते, आणि भोर समितीने बहुमताने ती श्रेणीच बंद करावी अशी शिफारस केली. हेतू उदात्त होता. पण खेड्यांत पदवीधर डॉक्टर गेला नाही आणि अल्पशिक्षित डॉक्टरही उरला नाही, त्यामुळे मधली जागा मांत्रिकाने आणि सनद नसलेल्या वैदूने भरून काढली. छत्तीसगडाने 2001 साली तीन वर्षांचा ग्रामीण वैद्यकीय साहाय्यकांचा अभ्यासक्रम काढला. पुढे तेथील प्राथमिक केंद्रांची तौलनिक पाहणी झाली तेव्हा हे साहाय्यक नेहमीच्या आजारांत डॉक्टरांइतकेच सक्षम आढळले, आणि विशेष शिक्षण न मिळता डॉक्टरच्या जागी काम करणारे परिचारिकादी कर्मचारी मात्र सर्वांत मागे पडले. या निष्कर्षाची दुसरी बाजू लपविण्याचे मला कारण नाही, कारण माझे म्हणणे तिनेच सिद्ध होते: हुद्दा देऊन शिक्षण न देणे घातक आहे. आणि शिक्षण पुरेसे असेल तर काय होते याचा पुरावा 2000 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. न्यूयॉर्कमध्ये तेराशेहून अधिक रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे डॉक्टर आणि नर्स प्रॅक्टिशनर यांत विभागून दिले असता सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांच्या प्रकृतिमानात लक्षणीय अंतर आढळले नाही.

राहिला प्रश्न सनदेचा. अशा शिकलेल्या परिचारिकेने निदान अचूक केले, औषध तिला पूर्ण ठाऊक आहे, ते समोरच्या कपाटातही आहे, पण ते स्वतःच्या सहीने देण्याचा अधिकार तिला नाही, अशा स्थितीत तिचे सारे शिक्षण दप्तरात बांधून ठेवलेल्या कागदासारखे राहते. अमेरिकेतील निम्म्याहून अधिक राज्यांनी तिला पूर्ण अधिकार दिला आहे. आपल्याकडे 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियमाच्या बत्तिसाव्या कलमाने प्राथमिक व प्रतिबंधक उपचारांपुरता मर्यादित परवाना समुदाय आरोग्यसेवकास देण्याची तरतूद केली. त्या तरतुदीविरुद्ध देशभर डॉक्टरांनी निदर्शने केली. 2023 साली राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा नवा अधिनियम होऊन 1947 चा जुना कायदा मागे पडला. तेव्हा या वर्गाच्या शिक्षणाची आणि अधिकाराची एकत्र फेररचना करण्याची हीच वेळ आहे. अधिकार अमर्याद असावा असे मी म्हणत नाही. औषधांची यादी निश्चित असावी, रुग्ण केव्हा पुढे पाठवावयाचा याचे नियम लेखी असावेत, दरमहा तिच्या कामाची तपासणी व्हावी, आणि चूक झाल्यास जाब देण्याची जबाबदारी तिची असावी. परंतु त्या मर्यादेत सही तिचीच चालावी.

आणखी एक अट भाषेची. दुरून येणारी विद्या इंग्रजीतच येणार असेल तर ती कसब्यापर्यंत पोचेल, हाडीपर्यंत पोचणार नाही. ग्रंथ इंग्रजीत असोत. पण रुग्णाशी कसे बोलावे, प्रश्न कसे विचारावेत, भय कसे दूर करावे, हे पाठ सरगुरास कन्नडात आणि कुरुबांच्या बोलीची जाण ठेवून, तसेच भामरागडास मराठी व माडियात आणि धारणीस कोरकूत झाले पाहिजेत.

श्रोतेहो, ही सारी सामग्री आपल्या हाताशी आहे. नाशकास 1989 पासून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे आणि 1998 पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. दुरून शिकविण्याची विद्या एकापाशी आणि आरोग्यशिक्षणाचा अधिकार दुसऱ्यापाशी, आणि दोन्ही एकाच नगरीत. त्यांनी एकत्र बसून कुटुंब-परिचारिकेचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखावा. जामखेड, गडचिरोली, मेळघाट येथील आणि दक्षिणेकडील राज्यांतील सरगूर, गुडलूर येथील सेवाभावी रुग्णालयांना सरावाची केंद्रे म्हणून मान्यता व मानधन द्यावे. शिकत असता परिचारिकेचा पगार आणि नेमणूक कायम ठेवावी. आणि पदवीबरोबरच तिला मर्यादित उपचाराची सनद देणारा हुकूम सरकारने काढावा. ही मागणी परिचारिकांच्या संघटनांनी केलीच पाहिजे, परंतु तेवढ्याने भागणार नाही. ज्यांची मुले तिच्या हाताने जगणार आहेत त्या समाजाने, म्हणजे आपण सर्वांनी, ती आपली मागणी म्हणून विधिमंडळाच्या दारी नेली पाहिजे, अशी माझी आपणांस कळकळीची विनंती आहे.